म्हातारीला हलवू नये

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. स्वतःची शाळासुद्धा त्यांनी नववीत सोडली होती. पण प्राणिसंग्रहालयात साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत, कारण ते रोज माकडांची हजेरी घेत. सकाळी साडेसातला खंदकाच्या कठड्याला पोट टेकून ते उभे राहत आणि एकेकाचं नाव घेत. त्रेचाळीस माकडं होती. नुसती मोजायची तर कुणीही मोजेल. मास्तर नाव घेत आणि ते माकड नजरेला पडेपर्यंत पुढच्या नावाकडे वळत नसत. लंगडी. कानफाट्या. भुरी. भुरीची थोरली, भुरीची मधली, भुरीची धाकटी. मग खाली बसून नोंदवहीत आकडा लिहायचा, खाणं लिहायचं, आजार असला तर लिहायचा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाकीचे रखवालदार त्यात वर्षानुवर्षं "ठीक" एवढंच लिहीत. मास्तरांचा शेरा रकान्याबाहेर ओघळून पुढच्या तारखेच्या ओळीत शिरायचा, आणि कार्यालयातला कारकून दर महिन्याला त्यांच्या नावानं कपाळाला हात लावायचा.

त्यांची बायको शिवणकामाच्या कारखान्यात बाह्या जोडायची. तिचं म्हणणं असं, की नवऱ्याला त्रेचाळीस माकडांची कुळी पाठ आहे, पण पोरगी कितवीत आहे ते विचारलं की हा माणूस छताकडे बघतो. यात खोटं काही नव्हतं.

सव्वीस वर्षांत मास्तर एक गोष्ट शिकले होते, ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. खाण्याच्या टोपल्या आत सरकवल्या की माकडं तुटून पडत नसत. बघणाऱ्याला गोंधळ दिसे, पण त्या गोंधळाला शिस्त होती. आधी कोणी हात घालायचा, कोणी दोन पावलं मागं थांबायचं, कोणाला पाहून कोणी नजर फिरवायची, सगळं ठरलेलं. आणि ते ठरायचं आईवरून. ज्या माकडिणीचा मान मोठा तिच्या लेकींचा मान मोठा, मग ती लेक वीतभर का असेना. इथपर्यंत मास्तरांना नवल नव्हतं. माणसांतही दुसरं काय चालतं? पण लेकींमध्ये मात्र सगळं उफराटं होतं. थोरलीचा मान सगळ्यांत कमी आणि शेंडेफळाचा सगळ्यांत जास्त. नवी लेक जन्मली की तीन-चार वर्षांत ती थोरल्या बहिणींच्या डोक्यावर बसायची. कानामागून यायची आणि तिखट व्हायची. मास्तरांनी हे पाच घराण्यांत पाहिलं, दहा वर्षं पाहिलं. दोनदा चुकलेलं सापडलं, तेही लिहून ठेवलं. आधीच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, असं का. डॉक्टर म्हणाले होते, माकडचेष्टा, दुसरं काय.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, करारावर घेतलेल्या. दर सहा महिन्यांनी त्यांचा करार पुढे वाढवला जाई. त्यांनी एका दुपारी मास्तरांच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या आणि म्हणाल्या, हे शास्त्राच्या पुस्तकांत आहे, मास्तर. बऱ्याच वर्षांपूर्वी अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. मास्तरांचा चेहरा पडला. आपण शोधलेली वाट हमरस्ता निघाला तर कुणाचाही पडेल.

"म्हणजे हे आधीच कुणीतरी पाहिलंय," ते म्हणाले.

"पाहिलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण त्यांना कुणीतरी काय पाहायचं ते शिकवलं होतं. तुम्हाला नाही."

हे वाक्य मास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, पोरीला सांगितलं. तेव्हापासून त्यांचा डॉक्टरबाईंवर जीव जडला. माकडांच्या आवारात काही वेगळं दिसलं की आधी बाईंना सांगायचं आणि मग वहीत लिहायचं, असा रिवाज पडला.

आवारात सगळ्यांच्या डोळ्यांत भरायचा तो पैलवान. रुंद छातीचा, लालभडक तोंडाचा नर. सहा वर्षांपूर्वी दुसरीकडून आणलेला. तो सगळ्यांत वरच्या फळीवर बसायचा आणि लोक त्याचेच फोटो काढायचे. म्हातारीकडे कुणी बघत नसे. ती मधल्या फळीखाली एका सपाट दगडावर बसून असायची. दात गेलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं, पाठीवरचे केस झडून कातडी उघडी पडलेली. मास्तर नोकरीला लागले तेव्हा ती आईच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू होती.

पण आवारात कुठं जुंपली, दोन घराण्यांची किंचाळी सुरू झाली, की म्हातारी उठायची. घाई नाही. कंबर धरलेल्या बाईसारखी चालत जायची आणि भांडणाऱ्या दोघींच्या मधोमध बसायची, एकीकडे पाठ करून, दुसरीकडे न बघता. बसून आपली मांडी खाजवायची. भांडण तिथंच विझायचं. पैलवानसुद्धा तिच्यासमोर दात दाखवत नसे. तिनं कधी कुणाला चावलेलं मास्तरांनी पाहिलं नव्हतं, आणि आता तर चावायला दातच नव्हते. तरी दरारा होता. का होता, हे मास्तरांना उमगत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुस्तकांत थोडं आहे, पण फार नाही. यावर मास्तर मनातून खूश झाले.

दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. ते रस्त्यांच्या खात्यातून आले होते. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. झाडांना चुना लागला, फलक नवे झाले, कचऱ्याचे डबे रंगले. मग एके दिवशी कुणा पाहुण्यानं म्हातारीचा फोटो काढला, उघड्या पाठीचा आणि पांढऱ्या डोळ्याचा, आणि खाली लिहिलं की इथं प्राण्यांना उपाशी मारतात. तो फोटो हजारो लोकांच्या मोबाइलवर फिरला. साहेबांना वरून फोन आला. चार दिवसांत निर्णय झाला: म्हाताऱ्या आणि आजारी प्राण्यांना लोकांच्या नजरेसमोर ठेवायचं नाही. म्हातारीला मागच्या विभागात, एकटीच्या पिंजऱ्यात हलवायचं.

मास्तर डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंना त्यांचं म्हणणं पटलं. त्या साहेबांकडे गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. मग मास्तर स्वतः गेले. साहेबांच्या खोलीत कारकून आणि तिकीट विभागाचे दोघं कागद घेऊन उभे होते.

मास्तरांनी जमेल तसं सांगितलं. म्हातारीमुळे तिचं घराणं वर आहे, भुरीचं घराणं मोठं आहे आणि दबून आहे, म्हातारी इथून गेली तर हे सगळं कोण धरणार.

"मास्तर, आवार कोण सांभाळतं? तो पैलवान ना?" साहेबांनी विचारलं.

"पैलवान नुसता दिसतो, साहेब. सांभाळतं दुसरंच कुणीतरी."

कारकुनाला हसू आवरलं नाही. तिकीटवाले दोघंही खाली मान घालून हसले. मास्तरांच्या मनात काही नव्हतं, ते माकडांबद्दलच बोलत होते. पण साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बरं," एवढंच ते म्हणाले, आणि कागदावर सही केली.

त्या दिवशीच्या शेऱ्यात मास्तरांनी नेहमीसारखं लांबण लावलं नाही. तीन शब्द लिहिले: म्हातारीला हलवू नये. खाली सही केली, तारीख घातली.

सोमवारी संग्रहालय बंद असे. त्या दिवशी हलवायचं ठरलं. सापळ्याच्या पिंजऱ्यात म्हातारी काही केल्या शिरेना. दोन तास गेले. सुई मारून बेशुद्ध करायला डॉक्टरबाई तयार नव्हत्या. या वयात हृदय बंद पडेल म्हणाल्या. शेवटी सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी पिंजऱ्यामागं उभं राहून केळं सोललं आणि जिभेनं टक टक केलं. म्हातारी उठली, चालत आली, पिंजऱ्यात शिरली आणि हात पुढं केला. मागून दार पडलं. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. केळं खात बसली.

पहिले दोन दिवस आवार शांत होतं. साहेब मुद्दाम फेरी मारून गेले. मास्तरांना ती शांतता आवडली नाही. माकडं एकमेकांचे केस विंचरत नव्हती. ज्याचा तो बसून होता. तिसऱ्या दिवशी भुरीच्या धाकटीनं लंगडीचं पिल्लू ओढलं, फरफटत नेलं आणि सोडून दिलं. लंगडी किंचाळली. सगळ्या माना मधल्या फळीखालच्या दगडाकडे वळल्या. दगड रिकामा होता. चौथ्या दिवशी टोपली आत गेल्यावर भुरी आपली पायरी सोडून पुढं आली आणि म्हातारीच्या लेकीच्या आधी तिनं हात घातला. आवार क्षणभर थिजलं. काहीच झालं नाही. मग भुरीनं दुसरा हात घातला.

मास्तर धावत डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, नवी घडी बसायला आठवडा लागतो, थोडं थांबू. बाईंना खरंच तसं वाटत होतं, की आणखी एकदा साहेबांपुढे जायची त्यांची छाती होत नव्हती, हे मास्तरांना तेव्हा कळलं नाही. त्या महिन्यात त्यांचा करार संपत होता. मास्तर पुन्हा एकटेच गेले. साहेब बाहेर ओसरीत चारसहा जणांत उभे होते. मास्तरांचं पुरतं ऐकून न घेता ते मोठ्यानं म्हणाले, "मास्तरांना म्हातारीची फार आठवण येते. घरी सांगू नका बरं का कुणी."

सगळे हसले. झाडूवालीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मास्तरही हसले, अशा वेळी माणूस दुसरं काय करणार. मग ते खाली गेले आणि त्यांनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण लिहिलं: घरगुती. बदलीवर सापांच्या विभागातला माणूस आला. त्याला माकडं सगळी सारखीच दिसायची. आवाराची किल्ली देताना मास्तरांनी त्याला टोपल्या किती आणि पाणी कधी ते सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

घरी त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. खिडकीची बिजागरी बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून हात धुतात तोच फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, या."

आवाराबाहेर दोरी बांधली होती, लोकांना मागं हटवलं होतं. आत पाण्याचे फवारे मारून माकडांना दोन बाजूंना पांगवलं होतं. सिमेंट ओलं होतं, आणि खंदकाकडे वाहणारं पाणी तांबूस होतं. सापवाला भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, सकाळी टोपल्या टाकल्या आणि सुरू झालं, मला वाटलं खाण्यावरून खेळतायत. भुरीचं सगळं घराणं आणि त्यांच्या जोडीला आणखी दोन घराणी एकदम उठली होती. जी कालपर्यंत म्हातारीच्या लेकींपुढे नजर वर करत नव्हती, तीच. चार तास चाललं होतं. एकेकीला कोपऱ्यात घेऊन. पैलवान सगळ्यांत वरच्या फळीवर पाय पोटाशी घेऊन बसला होता. एका हाताची बोटं तुटली होती आणि तो खाली उतरायला तयार नव्हता.

मास्तर कठड्याशी उभे राहिले. त्यांच्या तोंडून आपसूक नावं निघाली. डॉक्टरबाई शेजारी वही घेऊन उभ्या होत्या, त्या लिहीत गेल्या. म्हातारीच्या तिन्ही लेकी नव्हत्या. नातींतली एक वाचली होती. लंगडी होती, तिचं पिल्लू नव्हतं. एकूण नऊ मेली होती. त्यांतली चार अजून दूध पिणारी. एका मेलेल्या पिल्लाला त्याची आई छातीशी धरून इकडून तिकडे फिरत होती, आणि पुढचे तीन दिवस तिनं ते सोडलं नाही.

चौकशी समिती बसली. तिघं जण होते, तिघंही बाहेरचे. साहेबांनी सांगितलं, प्राणिकल्याणाच्या दृष्टीनं आजारी जनावर हलवलं, त्याचे कागद आहेत. सापवाल्यानं सांगितलं, मला कुणी काही बोललं नव्हतं. मग मास्तरांना बोलावलं. मास्तर नोंदवही छातीशी धरून गेले. त्यांना वाटलं होतं, हातच्या काकणाला आरसा कशाला. त्यांनी वही उघडून ती ओळ दाखवली. तिघांनी आळीपाळीनं वाचली. मधले अध्यक्ष होते, ते शांत स्वभावाचे होते. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो साहेब. तेच सांगतोय."

"माहीत असूनही तुम्ही रजेवर गेलात."

मास्तरांनी वही मिटली.

"घरी काय कारण होतं?"

 नळ, असं मास्तर म्हणू शकले नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, बदलीच्या माणसाला धोक्याची कल्पना दिली होती का. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं.

डॉक्टरबाईंना विचारलं, या माणसानं तुम्हाला इशारा दिला होता का. बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "बोलले होते. पण ते नेहमीच काही ना काही बोलत असतात."

हे मास्तरांच्या समोर झालं. ते दाराजवळच्या बाकावर बसले होते.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. हलवण्याचा निर्णय नियमाला धरून होता. रखवालदारानं मात्र संभाव्य धोका माहीत असताना कर्तव्यात कसूर केली. नोकरीतून काढलं नाही. जुना माणूस म्हणून दया दाखवली. प्रवेशद्वाराजवळच्या सामानघरात बदली केली, तिथं लोकांच्या पिशव्या ठेवून बिल्ला द्यायचा.

त्या संध्याकाळी घरी मास्तर खूप बोलले. बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी थांबेनात. मूग गिळून बसले असते तर आज मानानं जगले असते. खरं लिहिलं म्हणून फाशी. सव्वीस वर्षं, आणि एक रकाना वाचायला कुणाला वेळ नाही, आणि वाचला तो गळा कापायला. बायको बाह्यांचे धागे तोडत ऐकत होती. त्यांचं संपल्यावर ती म्हणाली, "अन्याय झाला, हे खरंच आहे. मी कुणासमोरही सांगेन."

मग कात्री खाली ठेवून म्हणाली, "पण त्या दोन दिवसांत तुम्ही शीळ घालत होतात."

"कधी?"

"नळ खोलताना. लग्नाला बावीस वर्षं झाली, तुमची शीळ मी पहिल्यांदा ऐकली."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती. असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ते उठून बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. शीळ घातल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण मनात काय होतं ते आठवत होतं. बघू दे आता यांना, असं होतं. हसा म्हणावं आणखी.

समितीनं जाता जाता एक सूचना केली होती: म्हातारीला परत आवारात सोडून पाहावं. त्यासाठी मास्तरांना एका दिवसापुरतं सामानघरातून बोलावलं. त्यांनी तिला पिंजऱ्यातून आणलं. सरकतं दार उघडलं. म्हातारी उंबऱ्यावर बराच वेळ बसली, मग आत गेली आणि सरळ आपल्या दगडाकडे चालत गेली. दगडावर भुरीची धाकटी बसली होती. म्हातारी तिच्यासमोर बसली, पाठ करून, आणि मांडी खाजवायला लागली.

कठड्याशी उभ्या असलेल्या मास्तरांनी श्वास धरला होता. त्यांना शंभर टक्के खात्री होती. सव्वीस वर्षं हेच पाहिलं होतं.

भुरीच्या धाकटीनं तिच्या पाठीवर एक चापट मारली. फार जोरात नाही, माशी हाकलल्यासारखी. म्हातारी उठली आणि भिंतीशी जाऊन बसली. आवारात कुणी मान वळवून पाहिलं नाही. वाचलेली नातसुद्धा आली नाही. तिला कुणी चावलं नाही, मारलं नाही, केस विंचरायलाही कुणी गेलं नाही. एकोणिसाव्या दिवशी ती भिंतीशीच मेलेली सापडली. डॉक्टरबाईंनी कारण लिहिलं: वार्धक्य.

या गोष्टीनं मास्तरांना निकालापेक्षा जास्त तोडलं. निकाल देणारी माणसं होती, माणसं चुकतात. पण म्हातारी आवार धरून आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. ते बळ तिच्यात असतं तर ती गेली तिथं तिच्याबरोबर गेलं असतं आणि परतताना परत आलं असतं. तिच्यात नव्हतं. पैलवानात तर नव्हतंच. मग कुठं होतं? बेचाळीस माकडांना रोज सकाळी उठून एक गोष्ट खरी वाटत होती. एक दिवस वाटेनाशी झाली. एवढंच? आणि ते जर एवढंच होतं, तर इतकी वर्षं ते टिकलं कसं? सामानघरात बसून पिशव्या घेता-देता ते याचाच विचार करत, आणि लोकांना चुकीचे बिल्ले देत.

सात-आठ महिने गेले. एका रविवारी दुपारी डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांचा करार पुढे वाढला होता आणि शिवाय त्या या घटनेवर प्रबंध लिहीत होत्या. बाहेरच्या एका विद्यापीठानं रस दाखवला होता. पण अडचण अशी होती, की कोण कुणाची लेक, कोण कुणाची बहीण, कुठलं घराणं कधी वर गेलं, हे वह्यांत विखुरलेलं होतं. पुरतं एकाच माणसाच्या डोक्यात होतं.

मास्तरांच्या बायकोनं बाईंसमोर चहाचा कप ठेवला आणि तिथंच उभी राहिली. "त्या दिवशी तुम्ही समितीपुढे जे बोललात, तेही लिहिणार आहात का?" तिनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी कपाला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, तेव्हा माझा करार संपायला नऊ दिवस होते. आई माझ्याजवळ असते. मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही.

"मला माहीत आहे, बाई," मास्तर म्हणाले, आणि बायकोकडे पाहून म्हणाले, "बसू दे त्यांना."

बायको आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत राहिला.

मास्तरांनी सांगितलं. तीन रविवार सांगितलं. त्यांना नकार देता आला असता, आणि दिला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण मेलेल्या नवांची नाती कुणीतरी लिहून ठेवायला हवी होती. नाहीतर ती नुसती नऊ राहिली असती. कोण कुणाच्या पोटची, कोणत्या साली जन्मली, कुणाच्या आधी खायची. डॉक्टरबाईंनी मोठ्या कागदावर घराणी काढली, रेषा जोडल्या. मेलेल्यांभोवती लाल चौकट केली. मास्तरांनी एक-दोन रेषा दुरुस्त केल्या. ते काम चालू असताना दोघंही जुन्यासारखे बोलत होते, हे मास्तरांच्या बायकोनं आतून ऐकलं आणि तिला ते आवडलं नाही.

तिसऱ्या रविवारी शेवटी बाईंनी विचारलं, आणखी काही राहिलंय?

"एक राहिलंय," मास्तर म्हणाले. "मी रजेवर का गेलो ते."

बाईंनी पेन उचललं.

"मला ठाऊक होतं, बाई. दिवस ठाऊक नव्हता, पण होणार हे ठाऊक होतं. मी तिथं असतो तर टोपल्या चार ठिकाणी लांब लांब टाकल्या असत्या. म्हातारीच्या लेकींना आतल्या खोलीत घेऊन दार लावलं असतं. ते मला करता येत होतं. मी रागानं घरी बसलो. माझं खरं ठरावं म्हणून बसलो. हेही लिहा."

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मास्तर, हे त्यात येत नाही. प्रबंध माकडांच्या वागण्यावर आहे."

"मग माझं वागणं कशात येतं?"

 बाईंनी कागदांची गुंडाळी केली, उठताना वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

प्रबंध पुढच्या वर्षी छापून आला. त्याची एक प्रत पाकिटातून घरी आली, आत बाईंच्या हातची चिठ्ठी नव्हती. इंग्रजी होता. मास्तरांची पोरगी तेव्हा महाविद्यालयात होती. जेवणं झाल्यावर ती मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला बसली. घराण्यांची आकृती होती, लाल चौकटींसकट. रेषा सगळ्या बरोबर होत्या. शेवटी बारीक अक्षरांत आभार होते: विद्यापीठाचे, साहेबांचे, आणि रखवालदार वर्गाचे.

"वर्गाचे," बायको म्हणाली. "म्हणजे सापवाल्याचेसुद्धा."

 मास्तरांनी पोरीला विचारलं, घडलं ते का घडलं, असं कुठं दिलंय का. तिनं पानं उलटली. दिलं होतं. कारणं पाच होती. मुख्य मादी काढून घेणं. तिच्या घराण्यात वयात आलेल्या माद्या कमी असणं. बाहेरून आणलेला नर. अपुरी जागा. खाणं एकाच ठिकाणी टाकणं.

"आणखी?"

"बस, बाबा. पाचच आहेत."

"पुढचं पान बघ."

तिनं पान उलटलं. पुढं पुस्तकांची यादी सुरू झाली होती. तिनं ती यादीही वर-खाली पाहिली, प्रत मिटली आणि बाबांच्या हातात दिली. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली, पाकिटात परत घातली, आणि पाकीट कुठं ठेवायचं ते न सुचून हातात धरून बसून राहिले.